आंबोलीपर्यंतचे मामा

आमच्या मामेसासऱ्यांसारखा प्रवास आखणारा माणूस रेडीपासून विजयदुर्गापर्यंत दुसरा सापडायचा नाही, आणि स्वतः आखलेल्या प्रवासातून इतक्या निष्ठेने अर्ध्या वाटेवर उतरणाराही सापडायचा नाही. मामेसासरे म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. लग्न ठरलं तेव्हा सगळ्या नातेवाइकांनी माझा पगार विचारला, यांनी विचारलं, "फुटबॉल खेळतात काय?" मी नाही म्हटलं. त्यांनी माझ्याकडे अशा दयेने पाहिलं की मला उगाच एखादा आजार असल्यासारखं वाटलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "असांदे. बघूक तरी येतलात मा?" नवा जावई, नाही कसं म्हणणार? त्या एका होकारापायी गेली कित्येक वर्षं मी पावसापाण्यात घाट चढतो आहे.

मामा चाळीस वर्षं तांडेल होते. तांडेल म्हणजे होडीवरचा मुख्य. त्याने सांगायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. आता होडी पुतण्याकडे गेली, पण सांगण्याचं काम मामांनी स्वतःकडेच ठेवलं आहे. मालवणजवळच्या आमच्या वाडीचा फुटबॉल संघ त्यांनीच उभा केला. मैदान म्हणजे ओहोटीने उघडी टाकलेली ओली वाळू. मॅच किती मिनिटांची हे तिथे घड्याळ ठरवत नाही. भरतीचं पाणी गोलाच्या बांबूला लागलं की मॅच संपली, मग ती पाऊण तासात संपो नाहीतर सव्वा तासात. या वाळूवर आमच्या पोरांना हरवणं अजून कुणाच्या बापाला जमलेलं नाही. एका हिवाळ्यात बेळगावची काही फुटबॉल खेळणारी मुलं सहलीला आली, गंमत म्हणून आमच्याशी खेळली, सहा गोल आणि त्यावर प्रत्येकी चार-चार तळलेले बांगडे खाऊन गेली. जाताना म्हणाली, "आता पावसाळ्यात तुम्ही आमच्याकडे या. गवतावर बघू." तेव्हापासून दर वर्षी मासेमारीची बंदी लागली, होड्या वर ओढल्या की आमचा संघ एका गाडीने बेळगावला जातो आणि त्याच्यामागे दुसऱ्या गाडीने आम्ही बघणारी आठ माणसं. मामांसकट आठ, पण ते आंबोलीपर्यंतच.

कारण मामा परक्या मैदानात पाऊल टाकत नसत. आपली नजर वाईट आहे, असं त्यांचं स्वतःबद्दल ठाम मत होतं. आणि त्याला पुरावे होते. सावंतवाडीला आपला संघ एका गोलाने पुढे असताना मामा लिंबू सरबत घेऊन मैदानाकडे परतले आणि पाच मिनिटांत दोन गोल बसले. कुडाळला ते शहाणपणाने मैदानाकडे पाठ करून बसले होते. सगळे ओरडले म्हणून जरा मान वळवली, तर चेंडू आमच्याच जाळ्यात. वेंगुर्ल्याला फणसाच्या झाडाआड उभे राहिले आणि एकच डोळा बाहेर काढला, म्हणून एकच गोल बसला. मी एकदा त्यांना अडवायला म्हणून विचारलं, "मग मामानु, आपल्या वाळूवर तुम्ही डोळे फाडून बघता, तिथे कसे जिंकतो?" ते जराही अडले नाहीत. म्हणाले, "हय दर्या माझ्या सोबतीक आसा, जावयबापू. तो माझी नजर उतरयता. थंय गवतार माका कोण आसा?" पण हिरव्या गवतावर आपली पोरं खेळताना एकदा तरी बघावीत, याची त्यांना इतकी ओढ होती की बेळगावचं नाव निघालं तरी त्यांचा आवाज खाली यायचा, देवळात बोलल्यासारखा.

स्वतः बघायचं नाही म्हटल्यावर ती सगळी हौस आखणीत उतरली. महिनाभर आधी बैठका सुरू व्हायच्या. माडाच्या झापांनी शाकारलेल्या होडीच्या आडोशाला आम्ही आठ जण बसायचो, वर पाऊस वाजत असायचा, आणि मामा जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर चित्र काढायचे. निघायची वेळ भरतीवरून ठरायची. "भरती लागली काय निघूचां. ओहोटीत निघालेलो माणूस रिकामो परत येता." अहो, पण आपण रस्त्याने चाललोय! ते कोण ऐकतंय? एका वर्षी भरती पहाटे पाचला लागली आणि दुपारी बाराच्या मॅचला आम्ही सकाळी नऊलाच बेळगावात हजर. बेळगावकर दात घासत होते. गाडीत कोण कुठे बसणार हेही वजनावरून ठरायचं. माझ्या पोटाकडे बघून मामा दर वर्षी तेच सांगत, "तुमी मधी बसा. वजन मधी होया, नायतर वळणार गाडी कलांडता." खाण्यात घावणे, काळ्या वाटाण्याची उसळ, बाटलीत सोलकढी, सुका बांगडा मात्र सक्त मना, कारण बंद गाडीत सुका बांगडा आणि मामा एकत्र राहू शकत नाहीत. चाळीस वर्षं उधाणाच्या दर्यात ज्यांच्या पोटातलं पाणी हललं नाही, त्या आमच्या तांडेलांना दाणोली सुटून घाट लागला की गाडी लागते! नाकाशी लिंबू धरून, डोळे मिटून बसलेले मामा बघितले की हसू येई आणि वाईटही वाटे.

निघण्यापूर्वी गाडीसमोर नारळ ठेवून मामा गाऱ्हाणं घालत. तो सोहळा ऐकायला अर्धी वाडी जमे.

"बा देवा म्हाराजा, आज ही तुझी लेकरां घाट चढान परमुलखात चालली हत रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे.

"थंयचां गवत निसरडां आसा, तेंच्या पायाक वाळूची याद ऱ्हवांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"पंचाच्या डोळ्याक उजेड दी, आणि बाबलाच्या गाडीक बिरेक दी रे म्हाराजा!"

बाबल म्हणजे आमच्या गाडीचा मालक आणि ड्रायव्हर. ब्रेकचा उल्लेख आला की तो दर वर्षी रुसायचा, पण "व्हय" म्हणायचाच.

आंबोली आली की मामा उतरत. पावसाळ्यातली आंबोली म्हणजे काय ते पाहिलेल्यालाच कळेल. रस्ता आहे की नाही ते पाय ठेवल्यावर समजतं. वळणापलीकडे चहा-भज्यांची एक टपरी आहे, तिच्या बाकावर मामा घोंगडी पांघरून बसायचे आणि म्हणायचे, "जावा आता. माका हयच बरां." आरशात बघितलं तर चार हातांवर ते धुक्यात विरघळलेले असायचे. मग आम्ही बेळगावला जाऊन मॅच बघायची आणि परतीच्या वाटेवर त्यांना उचलायचं.

पहिल्या वर्षी आम्ही सपाटून हरलो. पाच-शून्य. वाळूवर पाय रोवून खेळणारी आमची पोरं, त्या ओल्या गवतावर चेंडू थांबतच नव्हता. आमचा एक जण चेंडूमागे पळता पळता थेट कुंपणापर्यंत गेला. पोरांची गाडी लाजेने पुढे निघून गेली. आम्ही मान खाली घालून आंबोलीला आलो, तर मामा टपरीसमोर उभे. आठ चहा सांगून ठेवलेले. आम्ही तोंड उघडायच्या आत तेच बोलायला लागले.

"सांगू नुको. माका ठावक आसा. पयल्या अर्ध्यात शून्य-शून्य. मगे तेंनी एक घातल्यानी. मगे आपल्या पोरान डाव्या पायान असो मारल्यान, चेंडू वर गेलो, धुक्यात दिसानासो झालो, गोलकीपर वर बघता, पंच वर बघता, सगळो गाव वर बघता... आणि खाली इलो तो सरळ जाळ्यात. मगे शेवटाक आणि एक. दोन-एक. खरां मा?"

दिवसभर त्या पांढऱ्या धुक्याकडे बघत बसून त्यांनी आख्खी मॅच पाहिली होती. कुणाच्या पायाला चिखल लागला, कोण रागावलं, कुणी कुणाला उचलून घेतलं, सगळं. डोळे असे चमकत होते की आम्ही सात जण एकमेकांकडे बघत राहिलो. शेवटी बाबल म्हणाला, "व्हय." मी म्हटलं, "व्हय, मामानु." झालं. एका "व्हय"ने सुरुवात झाली आणि सात वर्षं आम्ही तेच म्हणत राहिलो. सातही वर्षं आम्ही बेळगावात हरलो आणि सातही वर्षं आंबोलीत जिंकलो. मामा परत आले की ग्रामदेवतेला जिंकल्याचा नारळ फोडायचे. सगळी वाडी सामील होती. मामींना ठाऊक, पुजाऱ्याला ठाऊक. हिवाळ्यात बेळगावकर आमच्याकडे खेळायला आले की त्यांनाही आधी बाजूला घेऊन सांगावं लागे. ती मुलं गुणी, सुरमईच्या एका तुकडीवर तोंड मिटायची. माझ्यासारखा माणूस, ज्याने कचेरीत कधी खोटी सही केली नाही, तो वर्षातून एकदा आंबोलीच्या धुक्यात धडधडीत खोटं बोलायचा आणि वर भजी खायचा.

आणि त्या मॅची तरी काय असायच्या! एका वर्षी म्हणे पाऊस एवढा पडला की चेंडू तरंगायला लागला आणि आमची पोरं पोहत पोहत गोलापर्यंत गेली. एकदा म्हणे वारा फिरला आणि त्यांनी मारलेला चेंडू अर्ध्या वाटेवरून माघारी वळला. मामा सांगत आणि आम्ही ऐकत घाट उतरत असू. सावंतवाडी येईपर्यंत आपण खरोखरच हरलो होतो, याचा मलासुद्धा विसर पडे.

तीन वर्षांपूर्वी पावसाळ्याआधी मामांच्या डोळ्यांचं दुखणं निघालं. एका डोळ्याने तर दिसेनासंच झालं होतं. दुसऱ्याबद्दल डॉक्टर म्हणाले, औषध घाला, पण वर्षभरानंतरचं काही सांगता येत नाही. बायकोने दोन दिवस ऐकून घेतलं आणि तिसऱ्या दिवशी माझ्यासमोर उभी राहिली. "मामाक एकदा तरी बेळगावची मॅच बघूक होयी. ह्या वर्षी. मगे कधी?"

"ते उतरतात आंबोलीला. मी काय उचलून नेऊ?"

"खरां सांगा. तो नसताना पण तुमी हरतात, ह्यां सांगा. मगे येतलो तो."

बरोबर होतं. पण खरं सांगायचं म्हणजे त्यांच्या सात मॅची काढून घ्यायच्या. जे डोळे आता जाणार होते, त्या डोळ्यांनी पाहिलेलं सगळ्यांत सुंदर तेवढंच होतं. सांगितलं नाही तर माणूस बेळगावची खरी मॅच न बघताच आंधळा होणार, आणि सांगितलं तर त्याच्याजवळ होतं नव्हतं ते जाणार. आठ दिवस मी हाच हिशेब मांडला आणि मोडला.

त्या वर्षी आंबोलीला मामा नेहमीसारखे उतरले. घोंगडी सारखी केली, म्हणाले, "जावा आता." मी पण उतरलो. गाडीतले सगळे काचेतून बघायला लागले. बाबलने इंजिन बंद केलं.

"मामानु, एक सांगूचां आसा," मी म्हटलं. पंचवीस वर्षांच्या संसारात मी मालवणीत इतकं गंभीर कधी बोललो नव्हतो. "आमी बेळगावात कधी जिंकाकच नाय. एकदा पण नाय."

मामा हसले. त्यांना वाटलं, मी थट्टा करतोय. मग माझ्या तोंडाकडे नीट बघितलं.

"पयल्या वर्षी?"

"पाच-शून्य हरलाव."

"तो डाव्या पायाचो गोल?"

"तो झालोच नाय, मामानु."

"आणि पाण्यात पोवान गेले ते?"

मी नाही म्हणून मान हलवली. मामा बाकावर बसले. टपरीवाला भजी तळायची सोडून उभा राहिला. मामा बोलले ते भलतंच. "मगे मी सात नारळ कित्याक फोडलंय? देव काय म्हणत आसतलो? ह्यो मेलो हरान पण नारळ फोडता!" आणि एकदम हसले. मीही हसलो, डोळ्यांत पाणी आलं होतं ते त्या निमित्ताने पुसून घेतलं.

मग ते हळूच म्हणाले, "म्हणजे मी नाय, तरी तुमी हरतात."

"व्हय."

"आणि मी इलंय, तरी हरतलात."

"बहुतेक."

"मगे माझां तेच्यात काय एक नाय." हे म्हणताना त्यांचा चेहरा कसा झाला ते मला अजून सांगता येत नाही. सुटका झालेल्या माणसाचा होता, पण होडी पुतण्याच्या हाती दिली त्या दिवशी असाच झाला होता. मला वाटलं, आपण फार मोठा गुन्हा केला. तेवढ्यात ते उठले, घोंगडी झटकली आणि गाडीत जाऊन खिडकीशी बसले. बाबलला म्हणाले, "चल रे. बघतंस काय?"

मैदानावर पहिली दहा मिनिटं त्यांनी डोळ्यांवर हात धरून बोटांच्या फटीतून बघितलं. बेळगावकरांचा पहिला गोल झाला तसे दचकून माझ्याकडे वळले, "माझ्यामुळे नाय मा?" मी म्हटलं, "नाही हो, आपल्या गोलकीपरमुळे." दुसऱ्या गोलाला हात खाली आला. तिसऱ्याला ते उकडलेल्या शेंगा खात होते आणि आमच्या बचावाला आयमायवरून शिव्या घालत होते, इतर कुठल्याही बघ्यासारख्या. चौथा झाला तेव्हा तर पलीकडच्या बेळगावकराला म्हणाले, "बरो मारल्यान हां." गवत खरंच सुरेख हिरवं होतं, पावसाची भुरभुर होती, आणि मामा एका डोळ्याने ते सगळं पिऊन घेत होते.

शेवटच्या मिनिटाला आमचा एक गोल झाला. सुंदर वगैरे काही नाही. आमच्या पोराने मारलेला चेंडू त्यांच्याच एका खेळाडूच्या पाठीला लागला, दोन टप्पे पडला आणि लोळत लोळत, जाऊ की नको करत आत गेला. मामांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बोटं उमटली.

"मी बघित होतंय, जावयबापू! मी बघित होतंय आणि गोल झालो!"

चार-एक हरून एवढा आनंद झालेला माणूस मी पुन्हा पाहिलेला नाही, आणि त्या आनंदात माझाही वाटा होता म्हणून मला आजही बरं वाटतं.

परतताना आंबोलीला चहासाठी थांबलो. धुकं होतं तसंच होतं. टपरीवाल्याने सवयीने दर वर्षीसारखं विचारलं, "काय मामानु, जिंकलात मा?" मामा शांतपणे म्हणाले, "हरलाव. चार-एक." टपरीवाल्याला सकाळचं आठवलं, त्याने जीभ चावली. मामा चहाचा ग्लास घेऊन रस्त्याच्या कडेला जाऊन उभे राहिले आणि त्या पांढऱ्या पोकळीकडे बघू लागले. मी शेजारी गेलो. म्हटलं, "मामानु, चुकलं आमचं. सात वर्षं फसवलं तुम्हाला."

त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. "तुमी थंय हरलात, ता तुमचां," ते म्हणाले. "त्यो सातय मॅची मी हय बघलंय. त्यो माझ्यो. तुमका दिसल्यो नाय, म्हणान काय त्यो झाल्योच नाय?"

आता मामा बेळगावपर्यंत येतात. उरलेला डोळा गेल्या वर्षापासून बराच अंधुक झालाय, म्हणून पुढच्या रांगेत बसतात आणि चेंडू कुठे आहे ते मला विचारत राहतात. चारचौघांसारखी मॅच बघतात, चारचौघांसारखे हरतात. परतीच्या वाटेवर घाट उतरताना गाडीत फार शांत असतं. मला ती शांतता सोसत नाही. मी म्हणतो, "मामानु, आजची मॅच जरा सांगा, पूर्वीसारखी."

ते खिडकीबाहेर बघत म्हणतात, "माका कित्याक विचारतात? तुमी बघलात मा?"